बल, कार्य, ऊर्जा: मार्क खाणाऱ्या या चुका टाळा

नववीची पोरं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच. सूत्रं सगळी तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण गणित जरा फिरवून आलं की अडकलेच. कारण 'जोर लावला म्हणजे काम झालं' हे लहानपणापासून डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

बादलीचंच घ्या. १५ लिटर पाण्याची बादली हातात धरून नळापासून बाथरूमपर्यंत सपाट जमिनीवर एका वेगात चाललात, तर हाताने बादलीवर कार्य किती केलं? शून्य. इथे पोरं भांडायला उठतात, सर हात भरून आला की! आला ना, मान्य, स्नायू ताणून धरायला शरीराची ऊर्जा जाते आणि तिची उष्णता होते, पण कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेतलं विस्थापन (सरकलेलं अंतर), आणि इथे हाताचं बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं, मधे ९० अंशांचा कोन, त्यामुळे बादलीला त्यातलं काहीच मिळत नाही. तेच पाणी ३ मीटर वर, म्हणजे एक मजला चढवलंत की वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे १५ × ९.८ × ३ = ४४१ ज्यूल (बादलीचं स्वतःचं वजन सोडून द्या). आणि आता गंमत, हेच पाणी आंघोळीसाठी ३० अंशांनी तापवायला साधारण १९ लाख ज्यूल लागतात, अर्ध्या युनिटच्या आसपास वीज! त्या ऊर्जेत तेवढंच पाणी चार हजारांवर मजले चढेल, पण गीझरचं बटण दाबताना हात काही दुखत नाही, म्हणून ते कोणाला मोठं वाटत नाही.

दुसरी चूक म्हणजे क्रिया-प्रतिक्रियेच्या जोड्या. टेबलावर पुस्तक आहे, त्याचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे, झाली जोडी असं लिहून मोकळे होतात. चूक! दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बलं कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, पृथ्वी पुस्तकाला ओढते तर पुस्तक पृथ्वीला ओढतं, ही खरी जोडी. शंका आली की 'कोण कोणाला' असं वाक्य करा आणि ते उलटं करून बघा.

वर फेकलेल्या बॉलच्या आकृतीत पण वरच्या दिशेला 'हाताचं बल' म्हणून बाण काढतात. अरे बॉल हातातून सुटला, संपलं ते बल. हवेचा विरोध सोडला तर फक्त गुरुत्व उरतं, तेही खाली. वर जातोय तो आधी मिळालेल्या वेगामुळे.

बाकी वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये, हे आता परत सांगायला लावू नका.

सगळ्यात जास्त मार्क मात्र एककांत जातात. बाइक आणि चालक मिळून २०० किलो, वेग ताशी ३६ किमी, गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा, ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) काढा. ३६ तसाच टाकला की उत्तर १,२९,६००, ३.६ ने भागून सेकंदाला १० मीटर केलं की १०,००० ज्यूल. जवळजवळ १३ पट फरक! आता वेग ताशी ७२ केला तर पोरं म्हणणार २०,०००. नाही बाबा, वेगाचा वर्ग आहे, ४०,०००. ब्रेक लावल्यावर १००० न्यूटनचं बल मिळतं धरलं तर आधी गाडी १० मीटरमध्ये थांबत होती, आता ४० मीटर लागतील, आणि ती सगळी ऊर्जा ब्रेक तापण्यात जाते. घाटात जोरात उतरून आलात तर डिस्कला चुकून हात लावू नका.

आणि याच गणितात ब्रेकचं कार्य उणे ४०,००० आलं की घाबरून चिन्ह खोडतात. खोडू नका, बल मागे आणि गाडी पुढे, ऊर्जा गाडीतून बाहेर चाललीय, उणेच येणार.