शीर, काळीज आणि पित्त : अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवताना

मानेची शीर आखडली. कमरेत शीर दबली. शिरेतून सलाईन लावलं. कोल्हापुरात कोणत्याही घरात ही तिन्ही वाक्यं कानावर पडतात आणि तिन्ही ठिकाणची 'शीर' वेगळी असते. पहिल्या वाक्यात स्नायू, दुसऱ्यात नर्व्ह आणि तिसऱ्यात व्हेन. फार्मसी, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी अवघड म्हणून अडखळतात, असं सगळे म्हणतात. खरी अडचण बऱ्याचदा याच शब्दात असते. डोक्यात एकच 'शीर' बसलेली असते आणि पुस्तक तिच्या जागी आर्टरी, व्हेन, नर्व्ह, टेंडन, लिगामेंट अशी पाच नावं मागतं. या पाचांचा फरक पहिल्याच आठवड्यात पक्का करा. आर्टरी हृदयाकडून रक्त नेते, व्हेन हृदयाकडे आणते, नर्व्हमधून संदेश जातो, टेंडन स्नायूला हाडाशी बांधतो आणि लिगामेंट हाडाला हाडाशी.

'पित्त' हा असाच दुसरा सापळा. घरी 'पित्त झालंय' म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर. पण ते आम्ल जठरातलं, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड; ते जठराच्या भिंतीतल्या पेशी तयार करतात. पित्त म्हणजे बाइल. ते लिव्हर तयार करतं आणि गॉलब्लॅडर फक्त साठवून घट्ट करतं. 'बाइल गॉलब्लॅडरमध्ये तयार होतं' असं लिहिलं की मार्क गेले.

मात्र शरीराच्या बाहेरून दिसणाऱ्या भागांसाठी आपली मराठी फार नेमकी आहे, आणि हा फायदा कुणी सांगत नाही. पुस्तकातलं 'आर्म' म्हणजे अख्खा हात नव्हे, खांद्यापासून कोपरापर्यंतचाच भाग. त्याला आपल्याकडे दंड हा शब्द आहेच. 'लेग' म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत; पुढची धार नडगी, मागचा गोळा पोटरी. टिबिया नडगीवर बोट फिरवून शिका, तिथे हाड थेट कातडीखाली लागतं. पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, कॉक्सिक्स म्हणजे माकडहाड. नाव पाठ करण्याआधी त्या जागेवर स्वतःचा हात गेला पाहिजे. वर्षभर हाच क्रम ठेवा, आधी जागा, मग काम, नाव शेवटी.

हाडांचं प्रॅक्टिकल सोपं वाटतं आणि तोंडी परीक्षेत तिथेच घसरायला होतं. 206 हाडं, त्यांतली 80 मधल्या अक्षावरची आणि 126 हातापायांची, हे सगळ्यांना येतं. हाड उजवं की डावं, हे विचारलं की गडबड होते. त्यासाठी प्रत्येक लांब हाडाच्या तीन खुणा शोधायच्या : वरचं टोक, आतली बाजू, मागची बाजू. फीमरचा (मांडीच्या हाडाचा) गोल चेंडू वर आणि आत, लिनिआ अ‍ॅस्पेरा ही खरबरीत रेघ मागे. ह्युमरसचा (दंडाच्या हाडाचा) चेंडूही वर आणि आत, खालच्या टोकाचा खोल खड्डा मागे. खुणा जुळवून हाड स्वतःच्या अंगाला लावलं की बाजू आपोआप कळते. मणक्यांत फसू नका. आडव्या काट्यांत भोकं असतील तर मानेचा, कडेला बरगडी टेकायच्या गुळगुळीत जागा असतील तर पाठीचा, दोन्ही नसतील आणि अंग जाड असेल तर कमरेचा.

डावं-उजवं नेहमी समोरच्या माणसाचं, चित्र बघणाऱ्याचं नाही. आणि अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनमध्ये (अवयव सांगताना धरायच्या उभ्या स्थितीत) तळवे पुढे असतात, म्हणून कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडिअस बाहेरच्या, अंगठ्याच्या बाजूला. बाकावर तळवा पालथा ठेवून बघितलं तर रेडिअस दुसऱ्या हाडावरून, अल्नावरून, तिरकं गेलेलं असतं आणि सगळं उलटं वाटायला लागतं. आणखी एक खास देवनागरीतून विचार करणाऱ्यांची चूक : इलिअम. कमरेचं हाडही इलिअम आणि लहान आतड्याचा शेवटचा भागही इलिअम, उच्चार जवळपास सारखा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये हाडाच्या नावात मधे 'आय' येतो, आतड्याच्या नावात 'ई'. पेपरात हे एक अक्षर चुकलं की अख्खं उत्तर दुसऱ्याच अवयवाचं होतं.

टिश्यूंचा (ऊतींचा) धडा कोरडा वाटतो, पण कोल्हापुरात तो रस्त्यावर चालताना दिसतो. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतल्या जुन्या पैलवानांचे कान बघा, चुरगळून गोळा झालेले. कानाच्या पाळीच्या वर कार्टिलेज (कूर्चा) असतं आणि कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याला अन्न मिळतं ते त्याला चिकटलेल्या पेरिकाँड्रिअम या आवरणातून. कुस्तीत कान घासला, दाबला की आवरण सुटतं आणि मधे रक्त साचतं. अन्न तुटलेलं कार्टिलेज मरतं आणि त्या जागी ओबडधोबड तंतूंचा गोळा धरतो. म्हणूनच साचलेलं रक्त लवकर काढून घ्यायचं असतं. 'कार्टिलेज इज अ‍ॅव्हॅस्क्युलर' ही एक ओळ आणि 'त्यामुळे ते हळू भरून येतं' ही दुसरी, दोन्ही त्या कानात दिसतात.

हृदयासाठी मटणाच्या दुकानासारखी प्रयोगशाळा नाही. फक्त 'काळीज' मागू नका, लिव्हर मिळेल. बकऱ्याचं अख्खं हृदय मागा, चिरू नका म्हणून सांगा आणि वरच्या नळ्या दोन बोटं ठेवायला सांगा. घरी नळाखाली गुठळ्या धुवून काढा. मग चिमटीत दाबून बघा : एक बाजू घट्ट लागते ती डावी, दुसरी मऊ ती उजवी. जाड भिंतीची, कापल्यावरही उघडी राहणारी नळी म्हणजे एओर्टा, शरीराला रक्त नेणारी मुख्य आर्टरी. पातळ, मिटून गेलेल्या त्या व्हेन्स. एओर्टातून बोट घातलं की ते डाव्या व्हेंट्रिकलमध्येच (खालच्या कप्प्यातच) उतरतं, हे एकदा बोटाने अनुभवलं की रक्ताचा मार्ग पाठ करावा लागत नाही. कापण्याआधी एओर्टात वरून पाणी ओता. सेमिलुनार व्हॉल्व्ह (नळीच्या तोंडाची झडप) शाबूत असतील तर तीन पडदे फुगून पाणी धरून ठेवतात. त्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं दिसतील, हृदयालाच रक्त देणाऱ्या कॉरोनरी आर्टरी तिथून निघतात. मग टोकापासून वरपर्यंत चिरा. डावी भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड भरते. कारण उजवीला फुप्फुसांपर्यंतच, साधारण 25 मिमी (पाऱ्याच्या) दाबाने रक्त ढकलायचं असतं, डावीला साऱ्या शरीरात 120 मिमी दाबाने. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या व्हॉल्व्हला धरणारे पांढरे दोरे म्हणजे कॉर्डी टेंडिनी. ते व्हॉल्व्ह उघडत नाहीत, उलटा पलटू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. स्वयंपाकाची सुरी आणि पाट वापरू नका, हात साबणाने धुवा. घरात मटण चालत नसेल तर कॉलेजच्या मॉडेलवर हाच क्रम करा, बोट घालून.

किडनीही अशीच उभी कापता येते, पण इथे सावध राहा. बकऱ्याच्या किडनीत पिरॅमिड (आतले त्रिकोणी भाग) एकत्र होऊन एकच कंगोरा दिसतो, माणसात 8 ते 18 वेगवेगळे पिरॅमिड असतात. पेपरात माणसाची काढायची.

आता रक्ताची प्रॅक्टिकल्स. बी. फार्मच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये हीच सर्वांत जास्त आहेत आणि निकाल बिघडतात ते याच टेबलावर. त्या दिवशी काहीतरी खाऊन या. रक्त बघून चक्कर येते तेव्हा हृदयाची गती मंदावते आणि पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, डोक्याला रक्त कमी पडतं. तेव्हा आडवं होऊन पाय वर करा, उठून बाहेर पळू नका. अनामिकेच्या टोकाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, नाहीतर थेंब गोल न धरता पसरतो आणि पेशी फुटतात. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळलं की रक्तात टिश्यू फ्लुइड मिसळतं आणि काउंट खोटा कमी येतो. लॅन्सेट (टोचायची सुई) एकाचं एकालाच. वापरलेलं पांढऱ्या, टोचलं जाणार नाही अशा डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

आरबीसी (लाल पेशी) काउंटला लाल मण्याची पिपेट. रक्त 0.5 पर्यंत, मग हेमचं द्रावण 101 पर्यंत. विरलीकरण 1:202 नाही, 1:200, कारण दांडीतल्या एका भागात फक्त द्रावण असतं. मिसळतं ते फुग्यातल्या 100 भागांत. म्हणूनच चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) भरण्याआधी पहिले दोन-तीन थेंब टाकून द्यायचे. हेमच्या द्रावणात मर्क्युरिक क्लोराइड हे विष असतं, त्यामुळे ते तोंडाने ओढताना वर येऊ देऊ नका. रबरी बल्ब असेल तर तोच वापरा. पिपेट आडवी धरून तळव्यांमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा. चेंबर भरताना थेंब कव्हरस्लिपच्या कडेला टेकवायचा, तो स्वतःच आत सरकतो. खाचेत सांडलं किंवा बुडबुडा आला तर पुसून पुन्हा भरा, तसंच मोजून उपयोग नाही. पेशी खाली बसायला दोन-तीन मिनिटं द्या. मायक्रोस्कोपमध्ये काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा उजेड जास्त असतो. कंडेन्सर (उजेड एकवटणारं खालचं भिंग) खाली घ्या. मधल्या चौकोनातले पाच गट, प्रत्येकी 16, म्हणजे 80 बारीक घरं 40 एक्सच्या भिंगातून मोजायची. रेषेवर बसलेल्या पेशी फक्त दोन बाजूंच्या घ्या, डावी आणि खालची ठरवली तर शेवटपर्यंत तीच.

गुणाकार 10,000 चा का, हे तोंडी परीक्षेत हमखास येतं. एका घराचं आकारमान 1/4000 घन मिमी, 80 घरांचं 1/50. म्हणून 50 गुणिले 200. घरांत 480 पेशी मोजल्या तर 48 लाख प्रति घन मिमी. डब्ल्यूबीसीला (पांढऱ्या पेशींना) पांढऱ्या मण्याची पिपेट, 0.5 आणि 11, विरलीकरण 1:20, कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन, गुणाकार 50 चा. त्या द्रावणातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लाल पेशी फोडतं, जेंशन व्हायोलेट पांढऱ्यांचं केंद्रक रंगवतं. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली की चेंबर रिकामा दिसतो किंवा लाल पेशींनी भरून जातो.

साहली पद्धतीत (रक्त आम्लात घालून रंग जुळवायच्या चाचणीत) हिमोग्लोबिन कमी येण्याचं नेहमीचं कारण घाई. 20 मायक्रोलिटर रक्त आम्लात गेल्यावर 10 मिनिटं थांबलं नाही तर अ‍ॅसिड हिमॅटिन पुरतं तयारच होत नाही. वाचताना काचेची कांडी द्रवातून वर घ्या आणि खिडकीच्या उजेडात बघा. ब्लीडिंग टाइम आणि क्लॉटिंग टाइम यांचं एकच उत्तर लिहू नका : पहिला प्लेटलेट्स आणि रक्तवाहिनीवर अवलंबून, दुसरा क्लॉटिंग फॅक्टर्सवर. हिमोफिलियात (क्लॉटिंग फॅक्टर कमी असण्याच्या आजारात) म्हणूनच पहिला नॉर्मल आणि दुसरा लांबलेला मिळतो. रक्तगटात 'ओ' आला की थांबू नका. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे गट या साध्या चाचणीत 'ओ' सारखाच दिसतो, कारण त्यात एच अँटिजेनच (लाल पेशीवरची मूळ खूण) नसतं. अशा माणसाला साधं 'ओ' रक्त चालत नाही.

फिजिऑलॉजी वाचून नाही, गणितं करून कळते. हृदयातून एका ठोक्याला 70 मिली रक्त, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे सुमारे 5 लिटर. किडनी मिनिटाला 125 मिली गाळते, दिवसाला 180 लिटर. लघवी मात्र दीड लिटर, बाकी सगळं परत घेतलं जातं. श्वासाचं उदाहरण सर्वांत सुंदर. एका श्वासात 500 मिली, त्यातले 150 नळ्यांतच राहतात. मिनिटाला 12 श्वास घेतले तर अल्व्हिओलायला (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना) 4.2 लिटर पोचतात. आता ज्योतिबाच्या पायऱ्यांवर धापा टाकत 250 मिलीचे 24 श्वास घेतले, तर एकूण हवा तेवढीच, 6 लिटर, पण आत पोचतात फक्त 2.4. उथळ श्वासाने धाप का कमी होत नाही, याचं उत्तर या दोन गुणाकारांत आहे.

नर्व्हच्या धड्यात एक चूक जवळपास सगळे करतात. संदेश जाताना नर्व्हच्या पडद्यावरचा व्होल्टेज बदलतो; -70 वरून +30 मिलिव्होल्टपर्यंत चढ होतो तो सोडिअम आत शिरल्याने आणि उतार होतो पोटॅशिअम बाहेर गेल्याने. उताराचं श्रेय सोडिअम-पोटॅशिअम पंपाला देऊ नका. पंप 3 सोडिअम बाहेर, 2 पोटॅशिअम आत, हे काम सतत, मागून करत असतो; त्या एका मिलिसेकंदात त्याचा वाटा नगण्य.

बी. फार्मचा थिअरी पेपर 75 मार्कांचा. त्यातले 35 मार्क पाच मार्कांच्या सात प्रश्नांना, म्हणून मोठ्या उत्तरांमागे लागून छोटे विषय सोडू नका. रोज संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर त्या दिवशीची एक आकृती काढा आणि मगच पुस्तकाशी ताडून बघा. जे नाव आठवलं नाही ते लाल पेनने भरा. आकृती पेन्सिलीने, नावं उजवीकडे एकाखाली एक, रेषा एकमेकींना न छेदता. हृदय काढताना डावी भिंत जाड दाखवायला विसरू नका, तपासणारे आधी तेच बघतात.