प्राचीन ग्रीक नाणं पारखताना या चुका टाळा

खोटं नाणं ओळखायची आपली जुनी रीत म्हणजे ते फरशीवर वाजवून बघणं. ही रीत आपल्या बोलण्यातही इतकी मुरली आहे की 'खणखणीत नाणं' म्हटलं की खरेपणाची ग्वाहीच मिळते. प्राचीन ग्रीक चांदीच्या नाण्यावर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका. दोन-अडीच हजार वर्षं जमिनीत पडून राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते. असं अस्सल नाणं बद्द वाजतं, आणि आपटलं तर त्याचे तुकडेही पडतात. गेल्या वर्षी पाडलेलं खोटं नाणं मात्र छान खणखणतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. मावसभावानं अथेन्सच्या सहलीवरून एक 'घुबड' आणून दिलं होतं. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि ΑΘΕ ही अक्षरं, म्हणजे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं ते प्रसिद्ध चार द्राख्मांचं (द्राख्मा हे ग्रीकांचं चलन) नाणं. खोलगट भागात काळपट थर बघून मी दोन दिवस हवेत होतो. मग सोनाराच्या काट्यावर ठेवलं, तर पुरते 14 ग्रॅमही भरेना. अस्सल घुबड साधारण 17.2 ग्रॅमचं असतं. अर्धा-पाऊण ग्रॅम झिजेत जाईल, तीन ग्रॅम कुठे जाणार?

काळा रंग म्हणजे वय नव्हे. चांदी गंधकाच्या द्रावणात बुडवली की काही मिनिटांत काळी पडते. कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) हा जर्मन गृहस्थ तर स्वतः ठसे कोरून ग्रीक-रोमन नाणी पाडायचा आणि लोखंडाच्या किसासोबत पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधायचा. खडबडीत रस्त्यावर एक फेरफटका झाला की नाणी हवी तेवढी म्हातारी व्हायची, असं सांगतात. याच्या उलट चूक म्हणजे खरं नाणं हाती आल्यावर ते चिंच-मीठ किंवा टूथपेस्टनं देवाच्या ताम्हणासारखं लख्ख करणं. कृपा करून असं करू नका. किंमत जाते आणि पारखायला हवा असलेला थरही जातो.

वजन जुळलं म्हणून नाणं खरं ठरत नाही, पण एक सोपी पुढची पायरी आहे. डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, ते तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. 17.2 ग्रॅमचं चांगल्या चांदीचं नाणं असेल तर काटा 1.65 च्या आसपास दाखवेल. तांब्याचं असेल तर 1.9 च्या पुढे जाईल. थोडासा फरक पडला तर लगेच घाबरू नका, जुन्या चांदीत बारीक पोकळ्या असतात. आणि बनावट करणाऱ्यानं चांदी खरीच वापरली असेल, तर ही चाचणी निमूटपणे पास होते.

म्हणून कड बघा. निम्मे लोक चित्रच बघत बसतात. ग्रीक टांकसाळीत खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, त्यावर तापवलेली चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि मग घणाचा घाव. त्यामुळे घुबडाची बाजू चौकोनी दबलेली दिसते, अथेनाची बाजू फुगीर असते, आणि कड कधीकधी फाटलेली असते. ओतीव नाण्यात दहापट भिंगाखाली गोल बुडबुडे, साबणासारखे गुळगुळीत झालेले तपशील आणि कडेवर साच्याचा सांधा दिसतो. सांध्याच्या जागी कानशीचे समांतर ओरखडे असतील, तर तो कुणीतरी घासून काढलेला असण्याची दाट शक्यता.

ठसा मारून पाडलेली नक्कल मात्र अवघड जाते. तिथे उपयोगी पडतात जुळी भावंडं. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण दोन्हींत चकतीचा आकार वेगळा, चित्र वेगळ्या बाजूला सरकलेलं, झीज वेगळी. दोन नाण्यांवर ओरखडा, खड्डा आणि झीज हुबेहूब एकाच जागी असतील, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून काढलेली, किंवा एक दुसऱ्यावरून. जुन्या लिलावांचे फोटो चाळायला एक संध्याकाळ लागते, ती घालवा. 1988 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या शहरांची छोटी चांदीची नाणी ढिगानं बाजारात आली, तेव्हा भल्याभल्यांमध्ये मतभेद झाले होते. शेवटी ती बनावट ठरली.

नाण्यावर छिन्नीचा घाव दिसला की लोक नाक मुरडतात. घाव जुना असेल तर तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, कारण आत काय आहे ते तेव्हाच कुणीतरी बघितलेलं असतं. इसवी सनपूर्व 375–374 मध्ये अथेन्सनं कायदाच केला होता. अगोरात, म्हणजे शहराच्या बाजारचौकात बसणारा सरकारी पारखी, जो स्वतः गुलाम असे, आत तांबं किंवा शिसं निघालेलं नाणं तिथेच कापायचा आणि ते देवमातेला अर्पण व्हायचं. या कायद्याचा शिलालेख 1970 मध्ये सापडला. घावाच्या आत भिंगानं डोकवा. चांदी दिसली तर बरं, तांबं दिसलं तर ते मुलाम्याचं नाणं, आणि घाव कोरा चकचकीत असेल तर तो आजकालचा.

अक्षरं चुकलेली दिसली म्हणून नाणं फेकू नका. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांवर ग्रीक लिपीतही मजकूर आहे, आणि बऱ्याच नाण्यांवर ती अक्षरं पार बिघडलेली आहेत. तरी नाणी अस्सल. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं वरून स्वतःचा ठसा मारला, म्हणजे एकावर एक दोन चित्रं दिसणं हाही दोष नव्हे.

'शेतात नांगरताना सापडलं' ही गोष्ट ऐकली की खिशावर हात ठेवा. जानेवारी 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या नाणे-प्रदर्शनात एका मुरलेल्या संग्राहकाला अटक झाली. सिसिलीत नुकतंच खणून काढलेलं, तिथल्याच अक्रागास या प्राचीन ग्रीक शहराचं दहा द्राख्मांचं नाणं आपल्याकडे आहे, अशी त्याची खात्री होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते बनावट निघालं, आणि चोरीचं समजून विकायला काढल्याबद्दल खटला तरीही चाललाच. आपल्याकडे 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विक्रेत्याला तसं कळवल्याचं पत्र दाखवायला सांगा.