जुन्या स्पोर्ट्स कारला नवीन टायर कसे निवडायचे (मुंबईत राहून)

मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार टायर झिजून कमी आणि वय होऊन जास्त मरते. गाडी रविवारी सकाळी वरळी सी फेस, फार तर कोस्टल रोडला एक चक्कर, वर्षातून एखादी रॅली, बाकी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. नक्षी अगदी नव्यासारखी दिसते म्हणून मालक निवांत असतो आणि रबर मात्र आतून कडक होऊन बसलेलं असतं. अशा टायरवर पहिल्या पावसात ब्रेक मारला की गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. त्यामुळे बदलायचे आहेत का, हे ठरवताना नक्षी नंतर बघा, आधी तारीख बघा.

१. तारीख वाचा

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, पुढे काही विचार करायची गरज नाही, काढून टाका. बऱ्याचदा हा कोड टायरच्या एकाच बाजूला असतो आणि तीच बाजू नेमकी आत आलेली असते, तेव्हा खाली झोपायचं नसेल तर मोबाइल आत सरकवून फोटो काढा.

पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर नीट तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी बदला, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. माझं मत विचाराल तर आपल्याकडचं ऊन, दमट हवा आणि महिनोन्‌महिने एकाच जागी उभी गाडी हे सगळं धरून दहापर्यंत ताणूच नका. साइडवॉलला बारीक चिरा, नक्षीच्या खाचांमध्ये तडे, कुठे फुगवटा, यातलं एक जरी दिसलं तरी वय न विचारता टायर बाद. कायद्याने कारला १.६ मिलिमीटर नक्षी लागते, पण आपल्या गाड्या त्या आकड्यापर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी म्हातारपण येतं.

२. जुना साइज समजून घ्या

आता सध्या लावलेल्या टायरवरचा साइज बघून तोच मागू नका हं, कारण आधीच्या मालकाने काय बसवलंय त्याचा भरवसा नाही. गाडीचं मॅन्युअल काढा. तिथे दोनपैकी एका पद्धतीने साइज असेल. एक म्हणजे इंचातला, ५.६०-१४ असा, तो क्रॉसप्लायचा, म्हणजे आतले दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टायरचा. दुसरा १६५ एसआर १४ किंवा १६५ एचआर १४ असा, तो जुन्या रेडियलचा, म्हणजे आतले दोरे सरळ आडवे असलेल्या टायरचा. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, १४ हा इंचातला रिम, त्यात उंचीचा आकडाच नसतो आणि स्पीडचं अक्षर आरच्या आधी येतं. उंचीचा आकडा नसला की तो रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के धरायचा, म्हणजे १६५ एसआर १४ ला आजच्या भाषेत १६५/८० आर १४ म्हणायला हरकत नाही.

क्रॉसप्लायवरून रेडियलवर जायचं असेल तर ढोबळ हिशेब असा, की ५.२०-१३ च्या जागी १४५ किंवा १५५ आर १३, ५.६०-१४ च्या जागी १५५ किंवा १६५ आर १४, ५.६०-१५ च्या जागी १५५ किंवा १६५ आर १५, आणि ई-टाइप जॅग्वारच्या ६.४०-१५ च्या जागी १८५ आर १५.

३. रुंदीचा मोह आवरा

दुकानात गेलात की हमखास ऐकाल, "साहेब, एक साइज मोठा टाका, गाडीला शो येईल." इथे फसू नका, निम्मी खराब झालेली जुनी स्पोर्ट्स कार याच वाक्याने खराब झालेली असते.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच उदाहरण घेऊ, १९६२ ते १९८० पर्यंत बनली, चाक १४ इंची. १६५/८० आर १४ ची उंची काढा, १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात रिमचे ३५५.६ मिळवा, झाले साधारण ६२० मिलिमीटर. आता कोणी हौसेने १८५/६५ आर १४ टाकला तर तोच हिशेब ५९६ येतो. म्हणजे टायर रुंद झाला पण बुटका झाला, गाडी १२ मिलिमीटर खाली बसली आणि आधीच जमिनीला टेकलेला सायलेन्सर आता सोसायटीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला घासणार. वर स्पीडोमीटर जवळजवळ चार टक्के जास्त दाखवणार आणि एक्सप्रेसवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार, त्या इंजिनाला तेवढंच कमी होतं! १८५/७० आर १४ ची उंची ६१५ येते, ती चालेल, पण मग रिमची रुंदी बघा.

रिमची रुंदी हा भाग लोक विसरतात. जुन्या एमजीबीचे साधे रिम ४ इंची आहेत, तारांची चाकं साडेचार इंची, नंतरची रोस्टाइल नावाची पोलादी चाकं ५ इंची. १६५/८० ला ४ ते साडेपाच इंच रिम चालतो, १८५/७० ला कमीत कमी साडेचार लागतो, १८५/६५ ला पाच. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की तो मध्ये फुगतो, कडा रस्त्याला नीट लागत नाहीत आणि वळणावर गाडी डुलते.

शिवाय या गाड्यांचं सस्पेन्शन उंच, मऊ साइडवॉल धरूनच बनवलेलं असतं. टायर हा तिथला पाचवा स्प्रिंगच समजा. उंच साइडवॉलचा टायर घसरायच्या आधी सांगतो, हळूहळू सोडतो, हाताला कळतं. रुंद चिकट टायर शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो, आणि तोपर्यंतचा सगळा जोर बेअरिंगवर आणि तारांच्या चाकाच्या स्पोकवर येतो. पॉवर स्टीअरिंग नाही हेही लक्षात असू द्या, पार्किंगमध्ये हात भरून येतील.

४. इथे काय मिळतं ते आधी बघा

आनंदाची बातमी अशी की १६५/८० आर १४ हा साध्या स्विफ्टला येणारा साइज आहे, आणि १५५/८० आर १३ वॅगनआरला. म्हणजे एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, आणि ज्या हेराल्डच्या चासीवरून स्पिटफायर बनली त्या आपल्या मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचेही टायर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सहज मिळून जातात, ताज्या तारखेचे आणि खिशाला परवडणारे. काही लोकांना स्विफ्टचा टायर म्हटलं की कमीपणा वाटतो. वाटू दे. एमजीबी सगळा जोर लावून ताशी १६५-१७० च्या आसपास जाते, आणि एस अक्षराचा टायर १८० पर्यंत चालतो, टी १९० पर्यंत, एच २१०, व्ही २४०. अक्षर गाडीच्या टॉप स्पीडच्या वर असलं पाहिजे, तुम्ही त्या स्पीडला कधी जाणार नसलात तरी. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही बघा, ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, या हलक्या गाड्यांना भरपूर झालं.

खरी पंचाईत १५ इंचवाल्यांची. जुन्या पोर्शे ९११ ला १६५ एचआर १५ लागतो, ई-टाइपला रेडियलमध्ये १८५ व्हीआर १५, आणि गाड्या खरोखर पळणाऱ्या, तिथे एच किंवा व्ही पाहिजेच. जीप-बोलेरोचा १५ इंची टायर बसेल का असं विचारणारे भेटतात, तो नको, त्याची रुंदी, वजन, उंची सगळंच वेगळं. इथे मिशेलिनचे एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स, पिरेलीचे सिंटुराटो आणि सीएन३६ असे जुन्या डिझाइनचे पण आज नव्याने बनणारे टायर हाच सरळ रस्ता आहे, दिसतातही त्या काळचे. एमजी टीसीचा ४.५०-१९ क्रॉसप्लाय तसाच, बाहेरूनच आणावा लागणार, १९ इंच म्हणून बुलेटचा टायर सुचवणाऱ्याला नमस्कार करून निघा.

बाहेरून आणणं म्हणजे मात्र डोकेदुखी. इथे नव्या टायरला आयएसआय मार्क लागतो, आणि जून २०२० मध्ये डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याने, नव्या टायरची आयात रिस्ट्रिक्टेड, म्हणजे परवानगी लागणाऱ्या यादीत टाकली. त्यामुळे परदेशातल्या दुकानात पैसे भरायच्या आधी क्लिअरिंग एजंटला गाठा, आजच्या तारखेला कुठली परवानगी लागते, ड्युटी किती बसते हे लिहून घ्या, नाहीतर टायर न्हावाशेवाला पडून राहतील आणि तुम्ही भाडं भरत बसाल. क्लबमधल्या तीन-चार जणांनी मिळून मागवले तर खर्च वाटला जातो.

चोर बाजारात कधीकधी "नवा जुना माल" म्हणून कंपनीचा जुना टायर चकाचक पॉलिश मारून ठेवलेला असतो. शोकेसमधल्या गाडीला घ्या हवं तर. रस्त्यावर चालवायच्या गाडीला नाही.

५. पाच घ्या, मिसळ करू नका

क्रॉसप्लाय आणि रेडियल एकाच गाडीवर नको. एका अॅक्सलवर तर अजिबातच नाही, आणि रेडियल पुढे क्रॉसप्लाय मागे हा सगळ्यात वाईट प्रकार, वळणावर मागची बाजू आधी सुटते. चारही बदला आणि स्टेपनी पण, कारण बहुतेकांच्या डिकीत बापाच्या काळातली स्टेपनी असते. बजेट दोनचंच असेल आणि बाकीचे दोन त्याच जातीचे, ठीकठाक असतील, तर नवे मागे लावा. टायरवाला पुढे लावायचा आग्रह धरेल, पण पावसात मागचे आधी पाण्यावर तरंगले की मागून जोर लागणारी हलकी गाडी गरकन फिरते.

६. बसवताना उभे रहा

तारांच्या चाकांना ट्यूब लागते, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. जुन्या साध्या रिमलाही टायरची कड धरून ठेवणारा आतला उंचवटा नसेल तर ट्यूबच टाका. ट्यूब रेडियलची आणि त्याच साइजची, स्पोकच्या टोकांवर रिम टेप नवीन, आणि टायरच्या आत कागदी स्टिकर असेल तर काढून टाका, तो ट्यूबला घासून घासून पंक्चर करतो. ट्यूबवाल्या चाकाला पंक्चरवाल्याने बाहेरून स्ट्रिप मारून उपयोग नाही, हे ड्रायव्हरलाही सांगून ठेवा.

बॅलन्सिंगच्या मशीनवर तारांचं चाक नेहमीच्या कोनने (चाक मध्यात धरणाऱ्या शंकूने) नीट मध्यात बसत नाही आणि मशीन खोटं वजन दाखवतं, म्हणून योग्य कोन ज्याच्याकडे आहे असं दुकान आधी फोन करून शोधा. क्रोमच्या रिमला क्लिपचं वजन मारू देऊ नका, चिकटवायचं घ्या. मधला मोठा नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने आवळा, नटवर "अनडू" असं लिहून बाण असेल तर ती सोडायची दिशा, आवळताना त्याच्या उलट, आणि थोडं चालवून परत एकदा बघा.

७. हवा

पंपावरचा मुलगा न विचारता ३५ पीएसआय मारतो. तुमच्या हलक्या गाडीला मॅन्युअलमध्ये विशीतले आकडे दिलेले असतील, आणि क्रॉसप्लायचा आकडा वेगळा, रेडियलचा वेगळा, तेव्हा रेडियलचाच घ्या आणि स्वतःचा गेज ठेवा. टायर थंड असताना मोजा, सी लिंकवरून आल्यावर नाही. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो. मग स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि शेजारी कोणाला तरी बसवून एखाद्या स्पीडब्रेकरवरून नेऊन टायर मडगार्डला कुठे घासतोय का ते बघा, आणि लगेच अलाइनमेंट करून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा आणि वॉचमनला सांगून अधूनमधून फूटभर पुढेमागे करा, नाहीतर टायर एका जागी चपटा पडतो.