कानशीची पटाशी करताना या चुका टाळा

झिजलेली कानस भंगारात देऊ नका. तिची उत्तम पटाशी होते, आखणीची सुरी होते. चांगल्या कानशीच्या पोलादात साधारण एक ते सव्वा टक्का कार्बन असतो, आणि धार टिकायला तेवढा पुरेसा आहे. तरीही घरी केलेली पटाशी पुष्कळदा सागाच्या पहिल्याच तुकड्यावर दगा देते. धार दुमडते, नाहीतर तिची खपली उडते. मग दोष धार लावायच्या दगडाला दिला जातो, पण मूळ चूक बहुतेक वेळा दोन पायऱ्या मागे, भट्टीत झालेली असते.

कानस पारखून घ्या. सगळ्याच कानशी आतपर्यंत पोलादी नसतात. काही स्वस्त कानशींची फक्त कातडी कडक असते, आत मऊ लोखंड. ग्राइंडरवर टोक टेकवून ठिणग्या बघा. आखूड, पांढऱ्या, झुडपासारख्या फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे भरपूर कार्बन. लांब, सरळ, पिवळसर रेघा म्हणजे साधं लोखंड. ही पारख कातडी घासून गेल्यावर, आतल्या भागावर करा. इंदूरच्या सियागंज बाजारातून नवी कानस आणली तरी हे चुकवू नका.

दाते अर्धवट ठेवू नका. जुन्या दात्यांची नक्षी पात्यावर छान दिसते म्हणून अनेकजण ती राखतात. दात्याच्या मुळाशी असलेली बारीक खाच म्हणजे तयार चीर. पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करताना, ते तिथूनच तडकतं. आधी कानस लाल तापवून राखेत रात्रभर पुरून ठेवा, म्हणजे ती मऊ पडते. मग निदान धारेकडचे आणि पाठीचे दाते मुळासकट घासून काढा. या टप्प्यावर धार काढायची नाही. कड एक ते दीड मिलिमीटर जाड राहू द्या. पातळ कड आचेत कार्बन गमावते आणि वाकते.

ताव, म्हणजे पोलाद किती तापलं ते, ओळखण्यातली चूक सगळ्यात महाग पडते. भर उन्हात तापलेलं पोलाद काळपटच दिसतं, म्हणून आच वाढवली जाते आणि पातं जळतं. हे काम संध्याकाळी किंवा सावलीत करा. जवळ लोहचुंबक ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंग किंचित उजळला, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास, की लगेच बुडवायचं. नारिंगी-पिवळा होईपर्यंत थांबलात तर पोलादाचे कण फुगतात. शंका असेल तर त्याच कानशीचा एक तुकडा आधी त्याच तावावर पाणी पाजून, फडक्यात गुंडाळून मोडा आणि मोडलेली बाजू उजेडात धरा. ती राखाडी, मखमलीसारखी बारीक दिसली तर ताव बरोबर. खडीसाखरेसारखी चकाकली तर ताव जास्त झाला, आणि तशा पात्याला कितीही धार लावा, खपल्या उडतच राहणार.

‘पाणी पाजणे’ या शब्दाने फसू नका. शब्दात पाणी आहे म्हणून पात्याला पाणीच हवं असं नाही. तीन-चार मिलिमीटर जाडीचं पातं पाण्यात तडकण्याचा धोका मोठा. त्याला तेल बरं. माळव्यात सोयाबीनचं तेल घरोघरी असतं, तेच चालतं. उंच स्टीलच्या डब्यात दोन-तीन लिटर घ्या आणि ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करा. थंड तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं, म्हणून डिसेंबरात इंदुरात केलेलं पातं मऊ राहतं आणि कारण कळत नाही. पातं सरळ खाली घालून वर-खाली हलवा. आडवं ढवळलं तर वाकतं. डब्यात पाण्याचा थेंब नको, आणि पेट घेतला तर विझवायला झाकण हाताशी हवं. गाडीचं जळकं ऑइल आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीजवळ आणू नका, दोन्हींचा धूर विषारी असतो.

थंड झाल्यावर दुसरी कानस पात्यावर फिरवा. ती चावली, म्हणजे पातं मऊ लागलं, तर घाईने पुन्हा तापवू नका. वरची पाव मिलिमीटर कातडी काढून परत तपासा. कार्बन गेलेला थर फक्त वरचाच असू शकतो. खालीही चावली तरच ताव कमी पडला असं समजा.

कडक झालेलं पातं तसंच ठेवू नका. ते काचेसारखं असतं, हातातून पडलं तरी मोडतं. त्याच दिवशी ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, तासभर, थंड करून पुन्हा तासभर ठेवा: सुरीला २०० अंश, पटाशीला २२०. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत मोठा फरक असू शकतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या थाळीत पुरा. पातं आधी चकचकीत घासलेलं असेल तर फिका सोनेरी रंग दिसेल. निळा आला तर पातं मऊ पडलं.

हाच निळा रंग पुढे ग्राइंडरवरही येतो. दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा, हातमोजा घालू नका. बोटाला चटका बसला की थांबायचं कळतं.

धारेचा कोन डोळ्याने ठरवू नका. २५ अंशांसाठी उताराची लांबी जाडीच्या २.४ पट ठेवा. ४ मिलिमीटर पात्याला साडेनऊ. उताराआधी पाठीचा शेवटचा इंचभर काचेवरच्या पॉलिश पेपरवर सपाट करा.

मुठीला पावसाळ्यातलं ओलसर लाकूड घेतलं तर इंदूरच्या कोरड्या मे महिन्यात ते आकसतं आणि शेंबी (मुठीच्या टोकाचं धातूचं कडं) सैल होते. वर्षभर सुकलेलं शिसम किंवा बाभूळ घ्या. पात्याची शेपटी तापवून मुठीत बसवणार असाल तर पात्याला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर उष्णता धारेपर्यंत जाते. मुठीला जवसाचं तेल चोळल्यावर त्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा.