मानसोपचार सुरू करताय? आधी दुसऱ्या भेटीची तारीख पक्की करा

'मन मोकळं करा', 'बोलतं व्हा' असं सगळेच सांगतात. कोणापुढे बोलायचं, सोबत काय न्यायचं आणि गोळी सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत शरीरात काय होतं, हे सांगणारं क्वचितच भेटतं. उपचार तुटतात ते बहुधा तिथेच, पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधे. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात आहेत आणि त्या मधल्या काळाबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

आधी एक अपवाद. जीव द्यावा असं मनात येतंय, त्यासाठी काही जमवाजमव झाली आहे, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, किंवा दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तरी अंगात वारं शिरल्यासारखं वाटतंय, तर पुढची तयारी करत बसू नका. कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. निघेपर्यंत १४४१६ वर बोला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे उलट सिद्ध झाल्याखेरीज ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालत नाही.

कोणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून केलेले उपचार, करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. क्रमांक खुशाल विचारा. समुपदेशकांमध्ये उत्तम माणसं आहेत, पण ती पाटी चार दिवसांचा कोर्स करूनही लावता येते. त्यामुळे शिक्षण विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

झोप, भूक, रोजचं काम यांपैकी दोन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडल्या असतील, तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञांची घ्या. नात्यातला तिढा, कोणाचं जाणं, नोकरीतली घुसमट असेल आणि झोप-जेवण ठीक असेल, तर थेट थेरपीपासून सुरुवात चालते.

कुठे जायचं

खिशाला परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून इथे मनोविकार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे दाखवायला गेलं म्हणजे भरती करतात, हा गैरसमज आहे. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. कुठेही जा, पण केस पेपरची खिडकी उघडण्याआधी पोहोचा.

एक कागद लिहून न्या

गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतील. त्यात 'टेन्शन येतं' एवढंच बोललात तर उपचारही तेवढ्याच अंदाजाने होतील. आदल्या रात्री पानभर लिहा, साधारण असं:

'तीन महिन्यांपासून पहाटे साडेतीनला जाग येते, परत झोप लागत नाही. वजन सहा किलो उतरलं. गेल्या महिन्यात कामावर पाच खाडे. गणपतीत घरी पाहुणे होते, तरी खोलीबाहेर यावंसं वाटलं नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, ५० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून तीनदा दारू, दर वेळी एक क्वार्टर. मामांना असाच त्रास होता.'

दारूचा आकडा खरा लिहा. आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही तरी सांगाच: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप तीन-चार तासांवर आली तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो? बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी अति उत्साहात जातं त्या आजारात, नैराश्याची गोळी एकटी दिली तर माणूस उलट टोकाला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना हे माहीत हवंच. गरोदरपण किंवा त्याचा विचार असेल तर तेही सांगा. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन, बी-१२ यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर न्या. थायरॉइड मंदावलं तरी नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात.

खोलीतून उठण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: निदान काय धरलं आहे, कोणती गोळी रोजची आणि कोणती थोड्या दिवसांची, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, आणि परत कधी यायचं. ती तारीख तिथेच घ्या. 'बघू, फोन करून येतो' म्हणून निघू नका.

मधले पंधरा दिवस

नैराश्य आणि चिंतेसाठी सहसा आधी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, कमी मात्रेत सुरू करतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून होऊ शकतो: मळमळ, पोट बिघडणं, डोकं जड होणं, हाताला बारीक कंप, उगाच धडधड. हिशेब असा उलटा असल्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस ठरवतो, 'हे औषध मला मानवत नाही,' आणि पाकीट कपाटात जातं. हे टाळायचं असेल तर पहिला आठवडा त्रासाचा जाऊ शकतो हे आधीच मनात पक्कं करा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. बहुतेकांचा हा त्रास आठ-दहा दिवसांत उतरतो.

कपाळाला आठ्या घालून सहन करू नयेत, अशाही गोष्टी आहेत. अंगावर पुरळ, जीवघेणी अस्वस्थता, एका जागी बसवत नाही अशी तगमग, मरणाचे विचार नव्याने येणं किंवा वाढणं, झोप न घेताही एकदम उत्साह चढणं: यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्तच लक्ष ठेवावं.

'सवय लागेल' हा घरोघरचा धाक. त्यात दोन वेगळ्या औषधांची गल्लत आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. त्या सहसा दोन ते चार आठवड्यांपुरत्या असतात, आणि जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून महिनोन्‌महिने त्या आणत राहणं ही घोडचूक आहे. एसएसआरआयची तशी तलफ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. त्या एकाएकी थांबवल्या तर मात्र चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. त्याला व्यसन म्हणत नाहीत. गोळी हळूहळू उतरवायला हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. चिठ्ठीवर दोन गोळ्या असतील तर कोणती कोणत्या गटातली, हे पाकिटावर पेनाने लिहून ठेवा. केमिस्टने ब्रँड बदलून दिला तर आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा.

एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. या काळात दारू नको. आयबुप्रोफेनसारखी अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको, कारण एसएसआरआयसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रोज रात्री कॅलेंडरच्या चौकोनात चार शब्द लिहा. 'दिवस ९. झोप ११.४० ते ४.१५. मळमळ नाही. आंघोळ केली.' यातली शेवटची नोंद क्षुल्लक नाही. मनाला बरं वाटण्याआधी वागण्यात फरक पडतो, आणि तो आधी घरच्यांना दिसतो.

दुसरी भेट

बरं वाटत असो वा नसो, जायचंच. मात्रा वाढवायची, तीच ठेवायची की औषध बदलायचं, हे या भेटीत ठरतं. पहिल्या दिवशी दिलेली मात्रा ही अनेकदा नुसती सुरुवात असते. 'ठीक आहे' म्हणून उठू नका, कॅलेंडर पुढे करा. लैंगिक इच्छा कमी झाली असेल किंवा संभोगात परमोच्च क्षणाला वेळ लागत असेल, तर संकोच न करता सांगा. तो या गोळ्यांचा परिचित परिणाम आहे, त्यावर उपाय असतात, आणि न सांगता गोळी सोडण्याचं ते मोठं कारण आहे. सरकारी ओपीडीत समोरचे निवासी डॉक्टर बदललेले असू शकतात. तुमचा कागद आणि कॅलेंडर असेल तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

थेरपीची चिठ्ठी याच भेटीत मागा. सत्र साधारण ४५-५० मिनिटांचं, आठवड्यातून एकदा. सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीला, १२ ते २० सत्रं धरा. तीन-चार सत्रं झाली तरी आपण कशावर काम करतोय हे कळत नसेल तर थेरपिस्टना सरळ विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसरे शोधा. डॉक्टर बदलायचे झाले तर जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. आरोग्य विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचे पैसे देत नाहीत, तेव्हा दरमहा खर्च धरूनच डॉक्टर निवडा.

नैराश्याच्या पहिल्या खेपेत पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. थांबवण्याचा विषय तुम्ही काढा, मात्रा डॉक्टरांनी उतरवू द्या. परीक्षा, लग्न, घर बदलणं असं काही तोंडावर असेल, तर ते पार पडेपर्यंत गोळी चालूच ठेवा.