एक्सेलमध्ये ७/१२ हा ७/१२ च ठेवण्यासाठी

एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत जमिनीचा क्रमांक म्हणून ७/१२ लिहून एंटर दाबले, की भारतीय तारीखपद्धत निवडलेल्या संगणकावर तिथे ७ डिसेंबर ही तारीख उमटते. त्याच रीतीने १२/३/२ हा पोटहिस्सा १२ मार्च २००२ होतो, पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड नुसता २० उरतो आणि सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधराच अंक जपते. सॉफ्टवेअरने अंदाज बांधावा, याला माझी हरकत नाही. पण न विचारता मूळ नोंद बदलणे मला मान्य नाही.

हा बदल नंतर उलटवता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. एक्सेल तारीख म्हणून १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस साठवते आणि वर्ष दिले नसेल तर चालू वर्ष धरते. त्यामुळे २०२५ मध्ये लिहिलेल्या ७/१२ च्या चौकटीचा प्रकार मागाहून ‘टेक्स्ट’ केला, तर तिथे ४५९९८ हा आकडा दिसतो.

म्हणून प्रकार ठरवायचा तो लिहिण्यापूर्वीच. गट क्रमांक, खाते क्रमांक, फोन यांचे स्तंभ निवडावेत, ‘होम’ टॅबवरील ‘जनरल’ असे लिहिलेल्या यादीतून ‘टेक्स्ट’ निवडावे आणि मगच नोंदी सुरू कराव्यात. एखाददुसऱ्या चौकटीपुरते काम असेल, तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करून क्रमांक लिहावा. ते चिन्ह छापले जात नाही.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आली असेल, तर तिच्यावर डबल-क्लिक करू नये, कारण तसे केल्यास सगळे अंदाज एका फटक्यात लागू होतात. कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वापरावे, समोर येणाऱ्या खिडकीत ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडावे आणि मग ‘लोड’ करावे. गूगल शीट्समध्ये फाइल आयात करताना मजकुराचे संख्या व तारखांत रूपांतर करण्याचा जो पर्याय आधीच निवडलेला असतो, त्याची खूण काढावी.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ या वाटेने ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ हा विभाग सापडतो. तिथल्या खुणा काढल्या, की सुरुवातीची शून्ये आणि लांबलचक क्रमांक शाबूत राहतात. ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये सर्वांना दिली. त्याआधी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावेच बदलून टाकली होती, कारण शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत असत. वापरणाऱ्याच्या हाती एक साधी खूण वेळेवर दिली असती, तर विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली नसती, असे मला मनापासून वाटते. मात्र या विभागातील तारखेचा पर्याय सलग लिहिलेल्या अक्षर-अंकांपुरताच आहे; तिरकी रेघ असलेला ७/१२ त्याने शाबूत राहील असे धरून चालू नये. त्याला स्तंभाचा प्रकार बदलणे हाच उपाय.

आयती मिळालेली यादी तपासताना स्तंभाची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर नोंदी कोणत्या बाजूला चिकटल्या आहेत ते पाहावे. मजकूर डावीकडे राहतो, संख्या आणि तारखा उजवीकडे सरकतात. १२/१४५ ची तारीख होऊच शकत नसल्याने तो डावीकडेच राहील. त्याच स्तंभात काही नोंदी उजवीकडे दिसल्या, तर त्या मूळ कागदाशी ताडून पुन्हा हाताने लिहाव्यात.