एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) आहात आणि बोलायचंय? मग आधी एवढं करून ठेवा

अमेरिकेत शिकणाऱ्या पोरांना घरून फोनवर ठरलेलं वाक्य, "तू कशात पडू नकोस". पडायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण पडणार असाल तर मोर्चातल्या बोर्डवर काय लिहायचं ते नंतर, तुम्हाला इमिग्रेशनवाल्यांनी उचललं तर पहिल्या चार-पाच तासांत कोण काय करणार ते आधी ठरवा.

का ते सांगतो. रुमेसा ओझतुर्क, बॉस्टनजवळच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी तुर्की मुलगी. मार्च २०२४ मध्ये तिघांबरोबर कॉलेजच्या पेपरात गाझाच्या मुद्द्यावर युनिव्हर्सिटीवर टीका करणारा लेख लिहिला, बस्स. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, तोंडं झाकलेल्या साध्या कपड्यातल्या इमिग्रेशनच्या एजंटांनी सॉमरव्हिलमध्ये भर रस्त्यात धरलं. वकिलाने त्याच रात्री बॉस्टनच्या कोर्टात हेबियसचा अर्ज (अटक बेकायदा आहे, सोडा असा) टाकला, तोपर्यंत तिला व्हरमाँटला नेलं होतं आणि सकाळी विमानाने थेट लुइझियाना. अर्ज पडला तेव्हा ती व्हरमाँटमध्ये होती म्हणून केस तिथे गेली आणि तिथल्याच जजने ९ मे ला सोडलं. अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी गेला असता तर सरकारला हवं होतं तसं लुइझियानात लढत बसावं लागलं असतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या महमूद खलीलकडे तर ग्रीन कार्ड होतं, तरी १०४ दिवस आत.

तर पहिलं काम वकील. इमिग्रेशनवाला, आत्ताच गाठून ठेवा, बऱ्याच लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये फुकट भेटतात. त्याला विचारून जी-२८ फॉर्म (हा माझा वकील असं सांगणारा) सही करून ठेवा म्हणजे तो लगेच तुमच्या वतीने उभा राहू शकतो. इंटरनॅशनल ऑफिसातली बाई कितीही गोड असली तरी ती तुमची वकील नाही, तिला सांगितलेलं तिच्यापाशीच राहील असं धरून चालू नका.

दुसरं, एक भरवशाचा रूममेट. त्याच्याकडे पासपोर्ट, आय-२० (कॉलेजने दिलेला व्हिसाचा कागद), आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) यांच्या कॉप्या, वकिलाचा नंबर आणि ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने तुम्हाला दिलेला नंबर, असेल तर तो (ओपीटीच्या, म्हणजे एफ-१ वर काम करायच्या परवानगीच्या, कार्डावर असतो). आईसच्या (धरपकड करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर धरलेला माणूस शोधता येतो, ए-नंबर नसेल तर नाव आणि जन्माच्या देशावरून, पण स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. आणि आपल्या नावांचा घोळ माहितीये ना, कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे चिकटलेलं, कुणाचं आडनावच गायब. त्यामुळे पासपोर्टवर आहे तस्संच लिहून द्या. मोर्चाला जाताना वकिलाचा नंबर मार्करने हातावर, कारण फोन पहिला काढून घेतात.

घरी आले तर दार उघडू नका, वॉरंट दाराखालून सरकवायला सांगा. जजची सही आहे का बघा, आईसच्याच ऑफिसरची सही असलेल्या कागदावर तुम्ही हो म्हटल्याशिवाय घरात शिरता येत नाही. तरी घुसलेच तर "माझी परवानगी नाही" एवढं म्हणा, झटापट अजिबात नको. रस्त्यात धरलं तर पळू नका, खोटं बोलू नका, वकील आल्याशिवाय बोलणार नाही म्हणा आणि कशावरही सही करू नका, कधी कधी तो कागद स्वतःहून देश सोडायचा असतो.

आता एक गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. साधं समन्स मिळालं, केस रद्द झाली, विषय संपला असं वाटतं. रंजनी श्रीनिवासन, आपल्याकडचीच, कोलंबियात पीएचडी करत होती, तिची दोन समन्स रद्द झालेली, तरी व्हिसा रिन्यू करताना ती सांगितली नाहीत हे सरकारने तिच्याविरुद्ध वापरलं. मार्च २०२५ मध्ये व्हिसा गेला आणि आठवड्याभरात ती कॅनडात. म्हणून डीएस-१६० (व्हिसाचा फॉर्म) भरायच्या आधी असं काहीही असेल तर वकिलाला दाखवा.

युनिव्हर्सिटी प्रायव्हेट असेल तर तिला पहिली घटनादुरुस्ती (बोलण्याचं स्वातंत्र्य देणारी) लागू नाही, तिथे हँडबुकच चालतं, ते वाचा, कंटाळवाणं असलं तरी.

आणि आईबाबांना एक सांगून ठेवा. धरलेल्या माणसाचं नाव भारतीय कॉन्सुलेटला आपोआप जात नाही, तुम्ही स्वतः मागितलं तरच कळवतात. मागायचं की नाही हे वकिलाशी आधीच बोलून घ्या, आणि घरच्यांकडे त्या रूममेटचा नंबर असू द्या, नाहीतर ते रात्रभर तुमच्याच बंद फोनवर रिंग देत बसतील.